मुळं असलेलं काही

आर्झीलिया बॅस्किननं तो पांढुरका गड्डा शेपटीला धरून खोक्यातून वर उचलला आणि मेलेला उंदीर दाखवावा तसा मेरिडिथच्या नाकासमोर धरला.

"हे काय?"

"बडीशेपेचा गड्डा, मिस आर्झीलिया. तेल लावून भट्टीत भाजायचा."

"भाजल्यावर सुधारतो का?"

रांगेत मागं कुणीतरी खोकल्याचं निमित्त करून हसलं. मेरिडिथही हसली. तिला विद्यापीठानं हसायला शिकवूनच पाठवलं होतं.

भाजीची हिरवी बस दर गुरुवारी चर्चच्या आवारात येऊन उभी राहायची. ज्याच्या घरात लहान मूल त्यालाच खोकं. मूल बरोबर आणून दाखवायचं. आणि खोकं हातात पडण्याआधी अर्धा तास स्वयंपाकाचा धडा ऐकायचा. आर्झीलियानं एकतीस वर्षं शाळेच्या मुदपाकखान्यात दोनदोनशे पोरांचं रांधलेलं. तिला ही चोवीस वर्षांची मुलगी कॉलर्डची, म्हणजे कोबीच्या जातीच्या पालेभाजीची, पानं धुवायला शिकवत होती, आणि तीही एका पाण्यात. एका पाण्यात पाद्री पापी माणूस धुतो. पानांना तीन पाणी लागतात.

गड्डा ती ओथाच्या डुकरांना घालायची. शेजारी राहणारा म्हातारा ओथा शपथेवर सांगायचा की पहिल्या दिवशी डुकरंसुद्धा एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली होती.

तशी मिसिसिपी नदीनं आणून टाकलेली तिथली काळी माती काही साधीसुधी नव्हती. ओथा एकदा काठी रोवून मासे धरायला बसला, आणि उठला तेव्हा त्या काठीच्या पालवीच्या सावलीत त्याचा कुत्रा झोपलेला होता. पण त्या मातीत चर्चच्या भिंतीला घासेपर्यंत सोयाबीन आणि कापूस. तोंडात घालावं असं काही नाही. गावात दुकान एक. त्यात चिप्सच्या अडतीस तऱ्हा आणि कांदा एक. तो कांदा मागच्या पाद्र्याच्या कारकिर्दीपासून फळीवर होता आणि लोक येताजाता त्याची विचारपूस करत. ताजी भाजी हवी तर चाळीस मैल जा, आणि त्यासाठी आधी चालणारी गाडी आणा.

आर्झीलियाच्या परसात पूर्वी रताळ्यांचा वाफा होता. साल जांभळी, आत दुधासारखं पांढरं. बेणं आईनं दिलेलं, आईला तिच्या आत्यानं. दोन उन्हाळ्यांपूर्वी शेजारच्या शेतावर तणनाशक फवारायला विमान आलं, वारा फिरला, आणि चार दिवसांत वेलांची पानं पेल्यांसारखी आत वळली. बेण्यापुरताही वेल उरला नाही. ती विमानवाल्याकडे गेली तेव्हा तो म्हणाला, "वारा काही माझा नाही." तेव्हापासून ती विमानाला वर बघून हात करायची. तो नमस्कार नव्हता.

एवढ्या तोऱ्याची बाई रांगेत उभी राहायची ती जोसेटपायी. नात सात वर्षांची. आजी झाली तरी तिकडे बाईला मानानं 'मिस'च म्हणतात. तिची आई दूर मेम्फिसला गोदामात कामाला. शाळेत टोमॅटोचं चित्र काढायला सांगितलं तर पोरीनं एक सपाट चकती काढली, बर्गरमधून निसटून पडल्यासारखी. बाईंनी शेरा मारला, 'छान'. आर्झीलियानं ते चित्र चार घड्या करून बायबलमध्ये ठेवलं होतं, जिथं घरातल्या बाकीच्या मयतांच्या तारखा लिहिलेल्या होत्या.

खोक्याबरोबर एक कार्ड भरून द्यावं लागे: देणगीदारांसाठी आभाराचे चार शब्द. इतर बाया देवाला लिहावं तसं लिहीत. आर्झीलिया दर गुरुवारी एकच शब्द लिही. 'मिळालं.'

त्या दिवशी मेरिडिथनं ते कार्ड हातात घेऊन तिला बसच्या सावलीला नेलं.

"पुढच्या गुरुवारी देणगीदार येणार आहेत, मिस आर्झीलिया. आमच्या पाच गावांपैकी दोन बंद करायची आहेत. कुठली, ते त्या दिवशी ठरेल."

"मग?"

"त्यांना कुणा आजीचं बोलणं कॅमेऱ्यात घ्यायचंय. तुम्ही नुसतं 'आभारी आहे' म्हणालात तरी पुरे."

"कुणाची? ह्याची?" गड्डा अजून तिच्या हातात होता.

"बसची."

आर्झीलियानं बसकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. बसवर एक गाजर रंगवलेलं होतं. त्याला डोळे होते.

"बाई, तू आणतेस ते चार दिवसांत संपतं. पाचव्या दिवशी पोरगी पुन्हा चिप्सच्या पिशवीत हात घालते. आणायचंच असेल तर मुळं असलेलं काही आण." आणि मग, कधी नव्हे ते, तिनं रताळ्यांचं सांगितलं. यंदा शेजारच्या शेतात माशांचं तळं खोदलं होतं, आणि विमानाला माशांशी काम नसतं. वाफा पुन्हा धरता आला असता. पण बेणं?

"दुकानात मिळेल?"

"दुकानात विचारू नकोस. तो कांदा घाबरेल. माझ्या आईनं गावोगाव वाटलं होतं, पण घेणारे आता सगळे जमिनीखाली. त्यांना विचारायला कोण जाणार?"

मेरिडिथनं तळहातावर पेननं काहीतरी लिहून घेतलं. कागद सोडून हातावर लिहिणाऱ्या माणसाबद्दल आर्झीलियाचं मत आधीच वाईट होतं.

"म्हणून टाक की," संध्याकाळी ओथा कुंपणावरून म्हणाला. "दोन शब्दांनी जीभ झडत नाही. मी तीनतीन लग्नांत पाद्र्यासमोर 'होय' म्हणालोय."

"आणि उगवलं काय?"

ओथा डुकरांकडे बघायला लागला.

तरी तिनं सराव केला. पहिल्या दिवशी तिच्या तोंडून ते शब्द कलिंगडाच्या बिया थुंकाव्यात तसे निघाले. तिसऱ्या दिवशी जोसेट टेबलापाशी बसून खोक्यातलं गाजर कुरतडत होती, खालचं टोक संपवून देठाकडे सरकत होती. तिच्याकडे बघत आर्झीलिया म्हणाली, "आभारी आहे." बऱ्यापैकी माणसासारखं. पोरगी म्हणाली, "कशाबद्दल, आजी?"

"गप खा."

गुरुवारी देणगीदार आले: दोन पुरुष आणि एक मिसेस हॉलक्रॉफ्ट. तिघांचे बूट पांढरे. नदीकाठच्या त्या चिखलात पांढरे बूट घालून येणाऱ्याला एक तर अक्कल नसते, नाही तर बुटांचा दुसरा जोड असतो. मिसेस हॉलक्रॉफ्टनी जोसेटची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, मग कॉलर्डचं एक पान कच्चंच तोडून चावलं आणि "वा, किती खरं आहे," असं म्हणाल्या. आर्झीलिया रविवारची टोपी घालून रांगेच्या तोंडाशी उभी होती. कॅमेरा तिच्यावर लागला. शब्द तिच्या जिभेवर तयार होते, घासून-पुसून.

तेवढ्यात मेरिडिथ बसमधून उतरली. तिच्या गुडघ्यांना माती होती आणि हातात ओल्या वर्तमानपत्राचं पुडकं.

"खालच्या गावच्या मिस व्हर्डेलनी दिलंय," ती म्हणाली. "नव्वदीच्या आहेत त्या. म्हणाल्या, हे तुमच्या आईनं त्यांना दिलेलं. मी काही बोलणार, तर त्यांनी माझ्या तोंडावर हातच ठेवला. का, कुणास ठाऊक."

आर्झीलियानं कागद उलगडला. जांभळट देठ, आणि खाली केसांसारखी पांढरी मुळं.

त्या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं: कुणी रोप दिलं, बेणं दिलं, तर आभार मानायचे नाहीत. मानले की ते मरतं. आर्झीलियाच्या सासूनं, शिकागोत वाढलेली म्हणून, एकदा अंजिराच्या फांदीबद्दल आभार मानले होते. झाड मेलं नाही. चाळीस वर्षं एकही फळ न धरता, निव्वळ डूख धरून दारात उभं राहिलं.

"बोला ना," मिसेस हॉलक्रॉफ्ट म्हणाल्या. "मनात येईल ते."

ओथानं टोपी काढली. जोसेटनं दोन्ही हात आपल्याच तोंडावर दाबून धरले.

कॅमेरा चालू होता. आर्झीलियाचे ओठ उघडले आणि मिटले.

"आभारी..." मिसेस हॉलक्रॉफ्टनी बहिऱ्याला सांगावं तसं सावकाश सुरू करून दिलं.

"ऊन चढतंय," आर्झीलिया म्हणाली. "मुळं सुकतील." आणि पुडकं छातीशी धरून ती चालू लागली. पोरगी मागोमाग, तोंडावरचे हात न काढता.

"ह्यांना द्यावं तेवढं थोडंच," मागून एक पांढरा बूट म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल इतपत हळू.

महिन्याभरात पत्र आलं. बस जुलैच्या अखेरीस बंद. रांगेतल्या दोघीतिघी आर्झीलियाच्या अंगणापर्यंत भांडायला म्हणून आल्या. तिनं खुरपं उचललं, वाफ्यातले जोर धरलेले वेल तोडले आणि एकेकीच्या हातात दिले. त्या काही न बोलता परत गेल्या. जुलै संपेपर्यंत लेकुरवाळ्या अकरा घरांत जांभळ्या देठाचे वेल पसरले होते, आणि त्या सगळ्या व्यवहारात आभाराचा एक शब्द कुठं सांडला नव्हता.

शेवटच्या गुरुवारी खोक्यात पुन्हा तो गड्डा होता.

"तुम्हाला एक विचारू?" मेरिडिथ म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही—"

"नको विचारू." आर्झीलियानं पिशवीतून ओल्या वर्तमानपत्राचं एक पुडकं काढून बसच्या पायरीवर ठेवलं. "तीन आहेत. बादलीत लाव, खिडकीशी. आणि एका पाण्यावर ठेवू नकोस, रोज घाल."

मेरिडिथ अशा घरात वाढली होती, जिथं मीठ सरकवल्याबद्दलसुद्धा आभार मानत. तिनं पुडकं उचललं. तोंड उघडलं. रांगेतली सगळी माणसं, पोरांसकट, तिच्या त्या तोंडाकडे बघत होती.

तिनं ते मिटलं. पुडकं शेजारच्या आसनावर ठेवलं, त्याला पट्टा बांधला आणि बस सुरू केली.

डोळेवालं गाजर वळणाआड जाईपर्यंत आर्झीलिया उभी होती.

"एवढ्या महिन्यांत एक धडा शिकली," ती ओथाला म्हणाली, आणि शेपटीला धरून तो गड्डा तिनं त्याच्या बादलीत टाकला.