रंगुबाईंच्या डोळ्यातला भाडेकरू

मित्रांनो, मी एक जुना कॉर्निया आहे. सूर्य, चंद्र, तारे आणि साखर कारखान्याचं धुराडं, यांपैकी कुणालाही माणसाच्या आत शिरायचं असेल तर माझ्याच दारातून यावं लागतं. विश्वाचा महाद्वारपालच म्हणा ना! परवा या महाद्वारपालावर एक चिलट येऊन बसलं आणि मालकिणीने ज्या पदराने परात पुसली होती, त्याच पदराने ते काढलं.

बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा बसलेला पारदर्शक पडदा म्हणजे मी. माझ्यात रक्ताची एक शीर नाही. हवा खायची, आसवं प्यायची, असा माझा सात्त्विक आहार. त्यामुळे स्वभाव सोवळा. घाण दिसली की मला शिसारी येते, आणि नोकरीच अशी की घाण सगळ्यांत आधी मलाच दिसते.

माझा जन्म शिरूरच्या दानिएल मास्तरांबरोबर झाला. मास्तर मिशनच्या शाळेत शिकवायचे आणि चष्मा रोज धुतलेल्या रुमालाने पुसायचे. सत्तरी उलटली, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तरी मी लख्ख. ते गेले तेव्हा त्यांच्या पत्नी हेलनबाईंनी स्वतःचे डोळे पुसायच्या आधी पंखा बंद केला. मास्तरांच्या पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवला, डोक्याखाली उशी सारली आणि नेत्रपेढीला फोन लावला. सहा तासांच्या आत सगळं व्हावं लागतं, हे त्यांना ठाऊक होतं.

"पप्पांचं वय झालं होतं, चष्मा होता. कोण घेणार ते डोळे?" मुलगा मॅथ्यू म्हणाला.

"घ्यायचे का नाही ते त्यांचं ते बघतील. तू पंखा लावू नकोस म्हणजे झालं."

माणसं आली आणि चहा निवायच्या आत काम उरकून गेली. मास्तरांचा चेहरा होता तसाच राहिला, गृहपाठ तपासून झाल्यासारखा. नेत्रपेढीत मला औषधी पाण्याच्या बाटलीत ठेवलं. काय ते सुख! ना धूळ, ना नातेवाईक.

तिथून माझी रवानगी झाली ती दौंड तालुक्यातल्या राहू गावच्या रंगुबाईंकडे. घराणं पूर्वी मेंढरांमागं हिंडणारं, आता ऊस लावून स्थिरावलेलं. रंगुबाईंचा डावा डोळा लहानपणीच गोवरात गेलेला. उजव्याला पाचट काढताना उसाचं पातं लागलं, आणि त्यावर कुणीतरी शेळीचं दूध सोडलं. तिथला आधीचा कॉर्निया उकडलेल्या अंड्यासारखा झाला होता. ऑपरेशनच्या टेबलावर मला तो ओझरता दिसला. दिवसभर हवा गोड लागली नाही.

डॉक्टरीणबाईंनी त्याचा मधला गोल भाग कापून काढला, तिथे मला बसवलं आणि केसाहून बारीक दोऱ्याने कडेकडेने शिवलं. अख्खा डोळा बदलतात हा गैरसमज काढून टाका. बदलते ती काच. मागचा पडदा आणि नस धड असतील तरच तिचा उपयोग, आणि स्वच्छ दिसायलाही महिने लागतात.

"काय बघायची इच्छा आहे, आजी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बघायचं काय न्हाई, बाई. परसाकडं जायाला सुनंचा हात धरावा लागतोय. तेवढा सुटला म्हंजी झालं."

विश्वाच्या महाद्वारपालाची नेमणूक अशी परसाकडच्या वाटेवर झाली.

घरी आल्यावर पाहिलं, तर माझ्या औषधाचे थेंब खिडकीत तणनाशकाच्या बाटलीशेजारी. ते घालायला मुलगा नवनाथ तंबाखू मळलेल्या बोटांनी पुढे सरसावला. "आधी हात धुवा!" सून प्रतिभा ओरडली. या घरात मी आदर करतो तो तिचाच. हळूहळू धुकं विरलं, दार दिसलं, सुनेचं तोंड दिसलं.

"व्हय गं, लईच वाळलीस."

"तुमच्या मागं पळून पळून, आत्या!"

आईला दिसू लागलं म्हणून नवनाथने घरी खंडोबाची तळी भरली. ताटात खोबरं, भंडारा आणि भोवती सगळी भावकी. रंगुबाईंचे भाऊ बिरदेव म्हणाले, "देवाम्होरं गॉगल कशापायी, आक्का? काढ त्यो." डॉक्टरीणबाईंनी घालायला दिलेला गॉगल निघाला. येळकोट झाला आणि मूठभर भंडारा थेट माझ्या अंगावर. देवाच्या भंडाऱ्याशी माझं वाकडं नाही. पण दुकानातली ती पिवळी पूड हळदीची लांबची नातेवाईकही नव्हती.

सकाळी डोळा लालभडक. टोचतंय, ऊन सोसवत नाही, दाराचं पुन्हा धुकं झालेलं.

"डोळा आला असंल," नवनाथ म्हणाला. "पाव्हणं जाऊ द्या, मग बघू."

"शेळीचं दूध सोड की दोन थेंब," बिरदेव म्हणाले.

मी डोळे मिटले असते, पण ते माझ्या हातात नाही.

रंगुबाई उठल्या. "त्याच दुधानं पहिला घालवला. त्यो माझा व्हता. ह्यो कुणा मेलेल्या माणसाचा हाय, ह्येला नासवायचा मला हक न्हाई. लाल झालं की निघून या म्हणलीय डॉक्टरीण." गॉगल चढवून त्या उंबरा ओलांडून चालू लागल्या. समोर सगळा पांढरा गोंधळ. प्रतिभा धावत गेली, हात पुढे केला.

"हात नगं. नुसती मागनं चाल."

स्टँडपर्यंत त्या तशाच गेल्या. मला सांगायला लाज वाटते, पण त्या वाटेवर माझी शिसारी थोडा वेळ गेली होती.

दवाखान्यात डोळा धुतला. शरीर मला परका समजून हाकलायच्या बेतात होतं. थेंब वाढवून त्याची समजूत घातली. उशीर केला असता तर मी गेलोच होतो. आता मी निवळलो आहे. रंगुबाई रोज पहाटे एकट्या परसाकडं जातात. तिथे मी काय काय पाहतो, ते विचारू नका.

तर मित्रांनो, मेल्यावर डोळे मातीत किंवा आगीत घालू नका, द्या. घरच्यांना आजच सांगून ठेवा. मिळालेला डोळा जिवापाड जपा, कारण त्यातून दोन माणसं बघत असतात. आणि कुणी राहूकडे निघालाच असाल, तर रंगुबाईंना तेवढी एक फुंकणी न्या. त्या अजून चुलीशी तोंड नेऊनच फुंकतात, आणि राख मला लागते.