चुकामूक

पोस्टच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर सुनीतीने बोट ठेवलं. 'डिलीट' हा शब्द समोर आला आणि तेवढ्यात फोन वाजला. सकाळपासूनचा सहावा.

"मैडम, आपके पिताजी मिल गए. आलमबाग में बैठे हैं."

"भैया, वो तो मिल चुके. तीन हफ्ते हो गए. थँक यू."

बाबा समोरच गॅलरीत उन्हाला बसून मटार सोलत होते. दाणे पिशवीत आणि सालं पातेल्यात टाकत होते. त्यांना कुणी अडवत नव्हतं.

"काढून टाक ना यार ती पोस्ट," जेवायला घरी आलेला गजेंद्र बूट चढवत म्हणाला. "काल ऑफिसच्या गेटवर गार्डने मलाच विचारलं, ससुरजी मिले क्या म्हणून."

"काढतेच आहे," ती म्हणाली. पण तीन दिवस ती हेच म्हणत होती.

चिकनच्या भरतकामाच्या कुर्त्यांचं तिचं फेसबुकवर पेज होतं, बावीस हजार लोकांचं. मानकनगरच्या रेल्वे कॉलनीतल्या दोन खोल्यांतून तिने ते उभं केलं होतं. कापडाआधी माणूस दाखवायचा, सांगण्यापेक्षा विचारायचं जास्त, उत्तर देताना समोरच्याचं नाव घ्यायचं, हे ती चुकत चुकत शिकली होती. बाबा अमीनाबादच्या बाजारात हरवले त्या दुपारी तिने आधी चारचौघांसारखंच लिहिलं: नाव शरद, वय अठ्ठ्याहत्तर, निळा स्वेटर. तासाभरात नऊ जणांनी ते पुढे पाठवलं. मग तिने ते पुसलं आणि पुन्हा लिहिलं. माझे बाबा साताऱ्याचे हेडमास्तर. हल्ली विसरतात. हिंदीत हाक मारली तर वळत नाहीत. 'चहा घेता का?' असं विचारा, वळतील. आज वाटेत भेटलेल्या कुठल्या आजोबांना विचाराल?

संध्याकाळपर्यंत चार हजार लोकांनी ते पाठवलं. अंधार पडायच्या आत छावणीतल्या एका जवानाने मोडक्या मराठीत चहा विचारला आणि बाबांना घरी आणून सोडलं.

पोस्ट मात्र थांबली नाही. खाली रोज नवी वाक्यं येत होती. बेटी हो तो ऐसी. रुला दिया आपने. प्रत्येक वाक्य वाचून ती फोन पालथा ठेवायची आणि पाच मिनिटांनी पुन्हा उलटायची.

गजेंद्र गेला. तिने पुन्हा ठिपक्यांवर बोट ठेवलं. पुन्हा फोन.

"दीदी, अमीनाबाद से सरला बोल रही हूँ, लेस-बटन की दुकान है मेरी. आपने तो बाबूजी लिखा था, पर यहाँ एक अम्मा हैं. तीन दिन से सुबह आकर सीढ़ी पर बैठ जाती हैं. किसी की बात समझती नहीं. आज मैंने यूँ ही आपवाला चाय का पूछ लिया, तो रोने लगीं. लीजिए, बात कीजिए."

पलीकडे बाजाराचा गलका ऐकू आला.

"कोण बोलतंय?" स्वच्छ मराठीत एक म्हातारा आवाज म्हणाला.

बाबांना शेजारच्या विभाकाकूंकडे सोपवून सुनीती निघाली. रिक्षात बसल्याबसल्या तिच्या डोक्यात नव्या पोस्टच्या ओळी जुळायला लागल्या. ह्या आजी कुणाच्या? पहिलं वाक्य असंच हवं. त्याच्यावर फोटोत चेहरा, अगदी जवळून.

सरलाच्या दुकानाच्या पायरीवर एक सत्तरीच्या बाई कापडी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. नाव चंद्रप्रभा. अकोल्याच्या. मुलाबरोबर अयोध्येचं दर्शन करून इथे आल्या होत्या, मागच्या गल्लीतल्या धर्मशाळेत उतरल्या होत्या. मुलगा आठ दिवसांपूर्वी तिकिटं काढायला गेला होता.

"आजी, इकडे बघा जरा. एक फोटो घेते. लाखभर लोक बघतील. उद्यापर्यंत सापडेल तो."

बाईंनी पदर पुढे ओढून चेहरा झाकला.

"फोटो नको."

"अहो, मग त्याला कळणार कसं तुम्ही कुठे आहात ते?"

"त्याला ठाऊक आहे," पदराआडून बाई म्हणाल्या. "धर्मशाळेचे पंधरा दिवसांचे पैसे त्यानेच भरलेत."

सुनीतीने फोन खाली घेतला. सरलाने दोघींकडे पाहिलं आणि गिऱ्हाईक नसतानाही ती आत गेली.

"तुझे वडील हरवले होते, फोनवर म्हणालीस," बाईंनीच विचारलं. "कसे?"

"गर्दीत चुकामूक..." तिने सुरुवात केली. पोस्टमध्ये असंच लिहिलं होतं. गजेंद्रलाही तिने हेच सांगितलं होतं. ती थांबली. "नाही. समोरच्या त्या दुकानाबाहेर त्यांना बसवलं. इथेच बसा म्हटलं, आणि मी आत गेले. नवीन माल आला होता, तो फेसबुकवर लाइव्ह दाखवायचा होता. खूप लोक आले होते बघायला. पाऊण तास मी बाहेर पाहिलंच नाही."

"आणि आठवण कधी झाली?"

"बघणाऱ्यांचे प्रश्न संपल्यावर."

बाईंनी समोरच्या दुकानाकडे पाहिलं. त्यांनी पिशवी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली, आणि त्या पायरीवर थोड्या आत सरकल्या.

सुनीती बसली. पर्समध्ये फोन थरथरत होता. बाजूने रिक्षा, हातगाड्या, कापडाचे गठ्ठे घेतलेली माणसं जात होती. दोघींपुरती ती पायरी जरा अरुंदच होती.

"मागच्या गल्लीत नेमकी कुठे आहे धर्मशाळा?" मग तिने विचारलं. "आधी तुमचं सामान घेऊ. मग माझ्या घरी जाऊ."