नववा डबा

संधिवात म्हाताऱ्यांना होतो असं मला वाटायचं. मला सत्तेचाळिसाव्या वर्षी झाला. आपलंच शरीर आपल्याच सांध्यांवर उठतं, तसला. औषधांनी सूज उतरली, पण लाटणं धरलं की मनगटातून अशी कळ जायची, बाई गं! कोपरखैरण्यात मी आठ जणांचे डबे करते, रोज चाळीस पोळ्या. शेवटी नवऱ्याला म्हटलं, "अहो, सगळ्यांना कळवून टाका. एक तारखेपासून डबे बंद." आणि ढसाढसा रडले. पंधरा वर्षांचं काम ते, माझं स्वतःचं.

महिन्यापूर्वी डॉक्टरांनी मला मैत्री नावाच्या मुलीकडे धाडलं होतं. ती ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे दुखऱ्या हातांनी रोजची कामं कशी करायची ते शिकवणारी. वय असेल पंचवीस. म्हटलं, ही पोरगी मला पोळ्या शिकवणार? तिने मनगटांच्या मापाचे दोन पांढरेशुभ्र पट्टे करून दिले. "काकू, काम करताना घालायचे हं." एवढी छान वस्तू कणकेत कोण बरबटवेल? मी ते पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवले, पैठणीशेजारी.

डबे बंद व्हायला चार दिवस उरले असताना तपासणीला गेले. पट्टे रिक्षातच चढवले. मैत्रीने ते उलटून पालटून पाहिले.

"काकू, महिनाभर पोळ्या लाटल्यात आणि कणकेचा एक डाग नाही?"

झाली का फजिती! मी फणकारले, "नवीन वस्तू आहे. जपून ठेवली."

"पट्टे जपलेत. हात कोण जपणार?" ती हसली. "उद्या सकाळी तुमच्याकडेच येते."

आली खरी. मी ओट्याशी उभी राहून लाटते म्हटल्यावर तिने मला उंच स्टुलावर बसवलं. हातात पट्टे. लाटण्याच्या मुठींना जाड फोम गुंडाळला. बोटं आवळायची नाहीत, तळव्यांनी ढकलायचं, दहा पोळ्या झाल्या की थांबायचं. आणि कणीक मळायची ह्यांनी.

"मी?" हे म्हणाले.

"हो काका. तुमचे सांधे ठणठणीत आहेत."

पहिल्या तीन पोळ्या वेड्यावाकड्या झाल्या. चौथी गोल आली आणि टम्म फुगली. दुखत होतं, पण सोसवेल इतपत. चाळिसावी तव्यावरून उतरली तेव्हा मी मैत्रीच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडायला गेले, तर ओरडली, "काकू, बोटं नाही मोडायची!" नुसताच आशीर्वाद दिला. पोरगी पीजीत राहते, बिचारीने उभ्या उभ्या चार पोळ्या खाल्ल्या.

एक तारीख आली नि गेली, डबे चालूच राहिले. पुढच्या तपासणीला माझे पट्टे पिवळेधमक, हळद काही केल्या निघेना. मैत्री जाम खूश. मी पिशवीतून डबा काढून तिच्यापुढे ठेवला. आठाचे आता नऊ झालेत, नववा तिचा.

"अहो काकू, हे कशाला?"

"गप्प बस. तुझ्यामुळेच तर चूल चालू आहे माझी. गरम आहे तोवर खा," मी म्हटलं, "कपाटात ठेवून देऊ नकोस."