दोरीवरचा थांबा

"सांभाळून, भाऊजी! पाय घासतील त्यांचे भिंतीला," भावजय मागून ओरडली.

थोरल्याने पाठीवरच्या धाकट्या भावाला जरा वर उचलून घेतलं. दर आठवड्याला दवाखान्यातून आणून त्याला असा तिसऱ्या मजल्यापर्यंत पाठुंगळी न्यायचं. इमारतीला लिफ्ट नव्हती आणि धाकट्याच्या पायांत जीव नव्हता.

मधल्या वळणावर थोरला भिंतीला टेकून दम खायला थांबला.

"थांबा, थांबा. थांबायला बरं जमतं तुम्हाला," औषधांची पिशवी या हातातून त्या हातात घेत भावजय म्हणाली.

दोघे भाऊ बंदरात पाणबुडे होते. त्या दिवशी तळाशी अडकलेली नांगराची साखळी सोडवायला उतरले होते. खोल पाण्यात श्वासातला नायट्रोजन अंगात मुरत जातो. वेळेत निघालं, तर सावकाश वर येता येतं. वेळ टळली, की वाटेत दोरी धरून थांबायचं, तो वायू अंगातून हळूहळू निघून जाऊ द्यायचा. घाई केली, तर सोड्याची बाटली फटकन उघडावी तसं रक्त फेसाळतं. हे दोघांनाही पाठ होतं.

मनगटावरचं यंत्र बघून थोरल्याने वर चलायची खूण केली. धाकट्याने हात झटकला. साखळी सुटत आली होती, आणि हट्टाला पेटला की तो कुणाच्या बापाचं ऐकत नसे. ती सुटली, पण तोवर वेळ टळली होती. वर येताना वाटेतच त्याची हवा संपली. थोरल्याने आपली हवेची जादा नळी पुढे केली, तर घाबरून त्याने तीही ढकलली आणि तडक वर सुटला.

थोरल्याने दोरी धरली. त्याच्यामागे तडक वर जावं तर नावेत दोन लुळे भाऊ पडले असते. वर, नावेच्या बुडापाशी, धाकट्याचे पाय हलत होते. ते हलताना त्याने पाहिले ते शेवटचेच.

"मोठे खाली दोरी धरून थांबले होते," नावाड्याने भावजयीला सांगितलं. ते काही खोटं नव्हतं. बाकीचं सांगायचं ते धाकट्याने, आणि त्याबद्दल त्याची तर दातखीळ बसली होती. थोरल्याला त्याचा संताप येई, आणि तरी दर आठवड्याला तो पाठ पुढे करी.

"माझा भाऊ असता ना, तर जिवाची पर्वा न करता मागे गेला असता," भावजय म्हणाली.

मानेवर धाकट्याचा श्वास लागत होता. आता तरी हा खरं काय ते बोलेल, असं थोरल्याला वाटलं.

"अगं, चल ना. भूक लागलीये मला," धाकटा म्हणाला.

थोरल्याने जिना चढायला सुरुवात केली. पुढच्या वळणाशी त्याने कठड्याचा आधार घेतला.

"दादा, थांब इथे," धाकटा कानाशी पुटपुटला. "थांब ना रे जरा."

थोरला थांबला नाही. छाती फुटायची वेळ आली तरी एका दमात तो वर पोचला.

दाराला कुलूप होतं. किल्ली भावजयीकडे, आणि ती अजून खालच्या जिन्यावर होती. भावाला पाठीवर घेऊन तो दारासमोर उभा राहिला.