विजयाच्या कवितेची शेवटची ओळ

मी एक जुना टाइपरायटर आहे, मित्रांनो. कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझा काळा रंग आरशासारखा चकाकत होता. शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंनी मला घरी आणले आणि खिडकीजवळच्या टेबलावर बसवले. प्रश्नपत्रिका, अर्ज, पत्रे, सारे त्या माझ्यावरच टाइप करत.

मग युद्ध झाले. आपल्या सैन्याने सीमेवरची टेकडी जिंकल्याची बातमी आली आणि बाईंनी एकाच बैठकीत विजयाची कविता लिहिली. तिची शेवटची ओळ होती, ‘टेकडीवरून एकही पाऊल मागे वळले नाही.’ कविता वर्तमानपत्रात छापून आली, पुढे पाठ्यपुस्तकात गेली. बाईंचे सत्कार झाले. पाहुणे मलाही कौतुकाने बघून जात. खोटे कशाला बोलू, मला स्वर्ग दोन बोटे उरला होता.

सहा वर्षांनी माझा रूळ अडकू लागला. बाईंनी दुरुस्तीवाल्याला घरी बोलावले. त्याने मला उघडून झाडले, तेल दिले आणि तपासायला म्हणून एक ओळ टाइप केली. ती टेकडीचीच ओळ होती. बाई खूश झाल्या. कविता आवडते का, असे त्यांनी विचारले.

तो मान खाली घालून स्क्रू पिळत राहिला. त्या टेकडीवर आपणही होतो, जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन खाली उतरलो, म्हणून तो वाचला, एवढेच त्याने सांगितले. मग हात पुसत म्हणाला, "माझ्या मुलीनं वर्गात तुमची कविता म्हटली. घरी येऊन विचारलं, बाबा, मग तुम्ही पळून आलात का?"



आठवडाभर त्यांनी मला हात लावला नाही. नंतर ती ओळ खोडून त्यांनी नवी लिहिली: ‘काही पावले मागे वळली, पाठीवर एक जीव घेऊन.’ धाकटी बहीण म्हणाली, "कशाला ही उठाठेव? लोकांना आवडायची नाही."

"ती मुलगी माझ्याच शाळेत आहे गं," बाई म्हणाल्या.

विजयदिनाच्या सभेत त्यांनी नवी ओळ वाचली. एकही टाळी वाजली नाही, असे घरी आल्यावर त्यांनीच बहिणीला सांगितले. पाठ्यपुस्तकात जुनी ओळच राहील, असे पत्र आले. बोलावणी थांबली, लिहिणेही थांबले. माझ्यावर धूळ साचत गेली.

मित्रांनो, माझी धूळ कोणी पुसली तर बरे वाटेल. पण आधी एक करा. ती कविता म्हणताना शेवटच्या ओळीपाशी जरा थांबा. तुमच्या शेजारी कोणी ओठ मिटून उभे असेल, तर त्याच्याकडे बघा.