पाच दिवस गोळी बंद

अ‍ॅलर्जी न देणारी मांजराची जात नसते, हे डॉक्टरीणबाईंनी मला तीनदा सांगितलं. तरी मी विचारलंच, "आणि ती बिनकेसांची?" मी लाँड्रीत काम करते. लोकांच्या कोटांवरचे केस झटकण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे केस गेले की भानगड मिटली, असा माझा समज.

"केसांचा दोष नाही हो. मांजर अंग चाटतं, थुंकी वाळते, तिची धूळ होते. काही जातींचा त्रास कमी असतो म्हणतात, पण खात्री कुणाचीच नाही. मला विचाराल तर मांजर नकोच. ऐकणारच नसाल, तर जे घ्यायचं त्याच्याच शेजारी लेकीला दोन तास बसवा. दम्याचा पंप जवळ ठेवा. आणि आधी पाच दिवस अ‍ॅलर्जीची गोळी बंद, नाहीतर काही कळायचं नाही."

लेक अकरा वर्षांची. घरात आम्ही तिला चिमणी म्हणतो. गेल्या वर्षी मैत्रिणीकडे मांजर कुशीत घेऊन बसली होती. मी पोचले तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. ते ओठ अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. तरी वर्षभर तिचा एकच धोशा, मांजर हवं. तिचे बाबा विरघळले. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला उरले मी.

गोळी बंद केली. रोज सकाळी मी तिच्या छातीला कान लावायचे. "आई, मी काय रेडिओ आहे?" ती म्हणायची. मला हसू येत नव्हतं.

सहाव्या दिवशी मांजरवालीकडे गेलो. तिनं कमी त्रासाच्या म्हणतात त्या सायबेरियन जातीचं एक राखाडी, झुपकेदार मांजर चिमणीच्या मांडीवर ठेवलं. मी कधी घड्याळ बघत होते, कधी तिचं नाक. अर्धा तास झाला, तास झाला. शिंक नाही, डोळे लाल नाहीत. मांजरानं तिचा हातसुद्धा चाटला.

दोन तास भरल्यावर मांजरवाली म्हणाली, "आमच्या जातीला नावं ठेवणारा अजून जन्मायचाय!" कितीतरी दिवसांनी मी मोकळी हसले. रविवारी न्यायला येतो, असं सांगून टाकलं.

परतताना बसमध्ये चिमणी पेंगायला लागली. भर दुपारी तीन वाजता. अशी ती फक्त गोळी घेतली की पेंगते.

तिच्या दप्तरातली पेन्सिलींची डबी उघडली. खाली गोळ्यांचं पाकीट होतं. सहा घरं रिकामी. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, पण डोळे मीही मिटलेच होते. आणि तेवढ्यात तिच्या छातीतून बारीक शिट्टी ऐकू आली.

तिला हलवून उठवलं, पंप तोंडाला लावला. माझे हात इतके कापत होते की पहिला फवारा वायाच गेला. शिट्टी थांबेपर्यंत मी तिच्या ओठांकडे बघत राहिले.

"रोज घेतलीस?"

"हो."

"मांजरासाठी?"

"थोडी मांजरासाठी." ती खिडकीकडे वळली. "आणि तू कान लावलास की रडायला यायचं तुला. शिट्टी ऐकू आली असती तर घाबरली असतीस."

मांजर येणार नव्हतं, ते तिथंच ठरलं. पण तेवढ्यानं माझी भीती गेली नाही. पुढच्या वेळी दम लागला तर ही मला सांगेल का?

"मी नाही घाबरत," मी म्हटलं. "मला सगळं सांगायचं, कळलं?"

तिनं माझ्या कापणाऱ्या हाताकडे पाहिलं आणि लगेच मान हलवली. "हो आई. आता एकदम बरं वाटतंय."