सोमाजीभाऊंची जीप रोलरवर

माझं काम चोख असतं आणि ते मी तोंडावर सांगते, म्हणून ब्रह्मपुरीत माझं फारसं कुणाशी पटत नाही. सोमाजीभाऊंनी वीस वर्षं जिच्यातून सवाऱ्या नेल्या, त्या जीपचं डिझेल इंजिन काढून मी बॅटरी आणि मोटर बसवली, तेव्हा स्टँडवरचे बाकीचे दहा जीपवाले हसले. धानाच्या रोवणीत, चिखलात ही हलणार नाही म्हणे. शेवटी असं ठरलं, की चंद्रपूरच्या एका कॉलेजात चाकं रोलरवर फिरवून गाडीची ताकद मोजतात, तिथून तीस किलोवॅटचा कागद आणला तर दहाही जण आपल्या जिपा माझ्याकडे देणार. नाही आणला, तर माझं शेड बंद आणि मी परत पुण्याच्या कारखान्यात. ते मला नको होतं.

आठ दिवस तयारी केली. मोटर थंड ठेवणारं पाणी बदललं, केबलचे नट एकेक करून आवळले, ब्रेक घासत नाहीत ना हे चाक हाताने फिरवून पाहिलं. बॅटरी भरलेली राहावी म्हणून जीप टेम्पोवर चढवून आणली. कॉलेजच्या आवारात ती उतरवून मी कागदांवर सह्या करायला आत गेले. भाऊ गाडीपाशी थांबले.

मग जीप रोलरवर घेतली, पट्ट्यांनी जखडली. तिथला ऑपरेटर अजय म्हणाला, दोनच फेऱ्या मिळतील. मला एकच पुरे होती आणि मी तसं बोलूनही दाखवलं.

पहिल्या फेरीत आले एकवीस. चाकं गरागरा फिरत होती, रोलर मागे पडत होता. मोटरची सगळी सेटिंग उघडून पाहिली, एकही चूक सापडेना. वैतागून टायरवर थाप मारली तर हात तेलकट झाला. वास जवसाच्या तेलाचा.

भाऊ खाली मान घालून उभे होते. पोळ्याला तोरणाखाली नेण्याआधी ते बैलांची शिंगं तेलाने चमकवतात. जीप चार लोकांसमोर जाणार, म्हणून त्यांनी टायर चमकवले होते. मी सगळ्यांदेखत त्यांच्यावर उखडले.

"भाऊ, हा का बैल हाये?"

"बैल नाई बाई," ते म्हणाले. "पण आमचं पोट हिच्यावरच चालते ना."

अजयने रोलर थिनरने पुसला. भाऊंनी साबण आणि काथ्या घेऊन टायर घासले, मीही दुसऱ्या बाजूने बसले. टायर खडखडीत वाळल्यावर दुसरी फेरी झाली. तेहतीस.

कागदावर दोन्ही आकडे छापून आले. पहिला झाकावा कसा, हे माझ्या डोक्यात घोळायला लागलं होतं, तोवर भाऊंनी स्टँडवर फोन लावलासुद्धा. "तेहतीस आले," ते त्या दहा जीपवाल्यांतल्या गुणवंतरावांना सांगत होते. "पयले एकवीस आले होते, पण ते माह्या चुकीनं. बाईचं काम एकदम बरोबर हाये."

मी त्यांच्या हातातून फोन घेतला.

"गुणवंतराव, मी दिव्यानी बोलून राह्यली. टायर तपासाचं काम माहं होतं. मी पाह्यलेच नाई."

त्यांनी विचारलं, माझी जीप सोमवारी आणू का मंगळवारी.